मिस्त्रींनी परत केलेला ब्लॉक

आमच्या ओळीतल्या पाचव्या क्वार्टरमध्ये आता दुसरं कुटुंब राहतं. माणसं चांगली आहेत. तरी त्या दारावरून जाताना माझी पावलं हळू होतात आणि आतून कुणीतरी विचारील असं वाटतं, "कावून वं पोरी, आज तुही गाडी लेट कशी?" असं विचारणारे मेश्राम मिस्त्री आता तिथं नाहीत. ते कुठं असतात हे मला माहीत आहे. तिथं उतरायचं कारण मात्र मला अजून सापडलेलं नाही.

त्यांच्याबद्दल लिहावं असं फार दिवसांपासून मनात होतं. नीट जमेल का, सांगता येत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि मी वाचलेल्या पुस्तकांत ज्यांच्याबद्दल लिहिलेलं असतं ती माणसं मोठी असतात. मिस्त्री रेल्वेच्या रुळांचं काम पाहणारे होते, एवढंच. भिलाईला नवा कारखाना उभा राहत होता त्या वर्षांत ते आमचे शेजारी होते. लोक त्यांना मिस्त्री म्हणत, आणि ओळीतली आम्ही मुलं मामाजी म्हणत असू.

रुळांची देखभाल करणाऱ्या टोळ्यांना आम्ही गँग म्हणतो. अशा तीन गँग मामाजींच्या हाताखाली होत्या, त्यांतल्या एका गँगमध्ये माझे बाबा होते. कोणत्या आठवड्यात कोणत्या मैलावर खडी ठोकायची, उन्हं तापायच्या आत रुळांच्या सांध्यांतल्या फटी कुठं सारख्या करून घ्यायच्या, रुळांखालचा कोणता आडवा स्लीपर या पावसाळ्यात टिकेल आणि कोणता टिकणार नाही, हे सगळं मामाजी ठरवत. कागदोपत्री ते काम इन्स्पेक्टरचं होतं. पण इन्स्पेक्टरची जागा रिकामी होती आणि ते काम कित्येक महिने मामाजीच करत होते.

ते रस्त्यावरही स्लीपरच्या मापानं चालत. स्लीपरमधलं अंतर माणसाच्या पावलापेक्षा कमी असतं. वर्षानुवर्षं त्यावरून चालून त्यांची ढांग आखूड झाली होती. बाजारात बरोबर निघालं की ते हमखास मागे पडत, आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या मामीजी, वळून म्हणत, "अजी, इथं रूळ नाहीत, लंब्या ढेंगा टाका!" दुसरी सवय उकिडवं बसून एक डोळा मिटायची. रूळ सरळ आहे की नाही हे तसं बसूनच कळतं. पण मामाजी काहीही तसंच पाहत. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात जेवणाची पंगत बसली, पत्रावळी मांडून झाल्या, आणि मामाजी टोकाला उकिडवे बसले. एक डोळा मिटून म्हणाले, "तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत लाइन बाहेर गेली. सरका सारे चार बोटं." पाहुण्यांना वाटलं हा कुणी मानाचा माणूस असेल. पाचही जण निमूटपणे सरकले.

त्यांच्या क्वार्टरच्या दाराच्या आतल्या बाजूला वर्षभराच्या कामाचा तक्ता चिकटवलेला असे. कारखान्याच्या बांधकामात टाकून दिलेले मोठाले निळे नकाशे मिळत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मामाजी बारा महिने आखत आणि भाताच्या पेजेनं तो कागद दाराला डकवत. लाल पेन्सिल रुळांसाठी, निळी माणसांसाठी. लाल पेन्सिलीनं मैल, सांधे, पूल. निळ्या पेन्सिलीनं कोणाच्या घरी लग्न, कोणाची पेरणी, कोणाची बहीण कधी सासरी जाणार. त्यांचं म्हणणं असं की साहेब लोक फक्त लाल पेन्सिलीनं तक्ता करतात आणि मग म्हणतात, आज गँगमध्ये निम्मीच माणसं कशी?

या निळ्या पेन्सिलीनं एकदा मोठा घोटाळा झाला. जुनवानीचा बिसाहू हा दुसऱ्या गँगचा मेट, म्हणजे मुकादम. त्यानं कामावर चालता चालता मामाजींच्या कानात सांगितलं की सून पोटुशी आहे, कार्तिकात सुट्टी लागेल. मामाजींनी घरी येऊन कार्तिकाच्या खाली लिहिलं, 'बिसाहूची सून.' संध्याकाळी पीठ मागायला आलेल्या शेजारणीनं ते वाचलं. दुसऱ्या दिवशी बिसाहूची बायको तणतणत मामीजींच्या दारात उभी.

"मोर समधिन ला अभी पता नइ हे, अउ तोर कपाट ला पता हे!"

मुलीच्या आईला अजून ठाऊक नाही, आणि तुमच्या दाराला ठाऊक! मामीजी हसून हसून खाली बसल्या. मामाजींनी गंभीर चेहऱ्यानं 'सून' खोडलं आणि वर लिहिलं, 'बिसाहू, घरगुती ब्लॉक.'

ब्लॉक हा शब्द आमच्या ओळीत सगळे वापरत. रूळ उघडायचा तर त्यावरच्या गाड्या काही तास थांबवाव्या लागतात. ती परवानगी म्हणजे ब्लॉक. तो कंट्रोलकडून, म्हणजे गाड्या सोडणाऱ्या ऑफिसकडून, मागायचा. मामाजी स्टेशनवर जाऊन फोनच्या भोंग्यात असे ओरडत की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहत. पण तेव्हा रोज कारखान्याचं काहीतरी येत असे. सिमेंट, लोखंडी तुळया, जहाजावरून उतरलेल्या खोक्यांतल्या मशिनी. कंट्रोलचं उत्तर ठरलेलं, "आज नहीं मिस्त्री, आज कारखाने का स्पेशल है." मामाजी घरी येत आणि तक्त्यावरची लाल खूण खोडून पुढच्या आठवड्यात नेत. मामीजी चुलीजवळून म्हणत, "माह्याशी दोन शब्द बोलाले बी कंट्रोलले पुसा. भेटला ब्लॉक, त बोला."

माझ्या कॉलेजची गोष्टही त्यांच्या तक्त्यावर होती. मी मॅट्रिक झाले तेव्हा एक स्थळ आलं होतं. बाबांचं मन तिकडे झुकत होतं. मामाजींनी त्यांना समोर बसवून म्हटलं, "शिवरामभाऊ, लग्नाची गाडी उद्या बी येते, परवा बी येते. शिकाचा ब्लॉक एकदा गेला का गेला." आणि बाबांच्या देखत निळ्या पेन्सिलीनं चार वर्षांच्या मार्च महिन्यांत माझी परीक्षा लिहून टाकली. पुढच्या तीन वर्षांसाठी कागद कमी पडला म्हणून ती भिंतीवरच लिहिली. त्यानंतर मार्चमध्ये आमच्या घरी पाहुणा आला तर ओळीतलं कुणीतरी त्याला आपल्याकडे घेऊन जाई.

आता पुलाबद्दल सांगते. आमच्या स्टेशनपासून थोड्या अंतरावर एका नाल्यावर लोखंडी पूल आहे. त्यावरचे लाकडी स्लीपर कुजले होते. मामाजी मला सांगत, पायानं दाबलं की लाकूड बोलत नाही, नुसतं हुं करते. ते सगळे एका झपाट्यात बदलायचे होते आणि त्यासाठी चार तासांचा ब्लॉक हवा होता. चैत्रापासून ते मागत होते. इन्स्पेक्टरच्याही वरच्या साहेबांनी एक दिवस स्वतःहून सांगितलं होतं, पुलाचं काम या पावसाळ्यात उरकलं तर इन्स्पेक्टरच्या जागेसाठी तुझं नाव वर पाठवतो.

इन्स्पेक्टरला वेगळं क्वार्टर होतं आणि त्या क्वार्टरच्या अंगणात नळ होता. आमच्या ओळीला टोकाला एकच नळ, त्यावर वीस घरं. पण मामीजींचं नळासाठी झुरणं गर्दीमुळे नव्हतं. आमच्यासारखंच त्यांचंही गाव वर्धेकडचं. गावात विहिरीपासून दूर घागर ठेवून उभं राहायचं आणि कुणाला दया आली तर वरून पाणी ओतून घ्यायचं, असं त्यांचं सगळं लहानपण गेलं होतं. इन्स्पेक्टरचं क्वार्टर रिकामं पडलं होतं. एका दुपारी त्या माझ्या आईला घेऊन ते पाहायला गेल्या. मीही होते. खोल्या त्यांनी पाहिल्याच नाहीत. सरळ अंगणात जाऊन नळ उघडला, खाली ओंजळ धरली.

"येऊन राहिलं वं बाई," त्या आईला म्हणाल्या, "कोनाले न पुसता येऊन राहिलं."

मग थेंबही वाया जाऊ नये म्हणून दोन्ही हातांनी घट्ट बंद केला.

ब्लॉक मिळाला तो पावसाळ्यात, उघडीप पडली होती तेव्हा. मामाजी तीन आठवडे कारखान्याच्या आतल्या नव्या लाइनीवर होते, परत आले आणि हातात कागद पडला: परवा, सकाळी आठ ते बारा. तारीख त्यांनीच उन्हाळ्यात मागितलेली होती. त्या दिवशी ते स्टेशनवरून लांब ढांगा टाकत आले, हे मी स्वतः पाहिलं. मामीजींनी गूळ वाटला. मामाजी रात्रीच्या जेवणाआधी तिन्ही गँगच्या मेटांना निरोप पाठवून मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बिसाहू आणि त्याच्या गँगचे सातआठ जण आले. ओट्याखाली उभे राहिले. पुलाचं काम बिसाहूच्या गँगशिवाय होणं शक्य नव्हतं, कारण लाकूड बसवणारे हात त्यांचेच होते.

"का झालं?" मामाजींनी विचारलं. "सामान कमी आहे का?"

बिसाहू खाली पाहत म्हणाला, "मिस्तरी, काली हरेली ए."

उद्या हरेली आहे. इकडच्या लोकांचा हा अवजारांचा सण. त्या दिवशी नांगर, कुदळ, टिकाव म्हणजे गैंती, पहार म्हणजे सब्बल, सगळं धुऊन अंगणात मांडतात, गुळाचं धिरडं, म्हणजे चिला, वाहतात आणि त्या दिवसापुरतं कोणत्याही अवजाराला कामाला लावत नाहीत. रेल्वेच्या गैंतीही ते अशाच धूत. मामाजींच्या तक्त्यावर दरवर्षी त्या दिवसाभोवती निळा गोल असे.

मामाजी उठून दारापाशी गेले. निळा गोल होता, पण तो मागच्या महिन्यात होता.

"हरेली त होऊन गेली न?"

"ए बछर अधिक महिना परे हे, मिस्तरी. पाछू घुंच गे."

यंदा अधिक महिना आला होता आणि सण पुढे सरकला होता. मामाजींनी गोल मागच्या वर्षीवरून अंदाजानं काढला होता. धम्मदीक्षा घेतल्यावर आमच्या लोकांनी देव्हाऱ्याबरोबर पंचांगही घरातून काढलं. मामाजींनी तर ओळीतली सगळी पंचांगं स्वतः गोळा केली होती. अधिक महिना कुठून कळणार? सण आमच्या घरातून गेले होते, पण आमच्या कामातून गेले नव्हते. हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

माझ्या बाबांचा स्वभाव तापट. ते पुढे झाले. "गैंती का तुह्या बापाची आहे बे? रेल्वेची आहे. हुकूम झाला का उचलाच लागते!"

बिसाहूनं बाबांकडे पाहिलंच नाही. तो मामाजींना म्हणाला, "तैं हुकुम देबे त उठा लेबो. फेर मन नइ मानय."

तू हुकूम दिलास तर उचलू. पण मन मानणार नाही. त्यात धमकी नव्हती. म्हणूनच ते ऐकायला अवघड होतं. सगळे मामाजींच्या तोंडाकडे पाहत होते. एक शब्द बोलले असते तर पूल झाला असता.

मामाजी बाबांना म्हणाले, "शिवराम, तुले गावात कोन म्हनत होतं? हे काम तुलेच करा लागते, नाही करशील त कसा राहतो पाहू, असं?"

बाबा मागे सरकले.

"मले बी म्हनत होते. माह्या बापाले बी. मन मानते का, हे कोनं पुसलं नाही." ते बिसाहूकडे वळले. "जा. चिला खा."

आतून मामीजी दारात आल्या होत्या. हातात पिठाची परात तशीच. त्या एवढंच म्हणाल्या, "अजी, आन नळ?"

मी तिथून निघून आले, कारण आपण ते पाहायला नको होतं असं मला वाटलं.

सकाळी सात वाजता मामाजींनी स्टेशनवर जाऊन ब्लॉक परत केला. कारणाच्या जागी लिहिलं, 'तारीख ठरवण्यात माझी चूक.' हरेलीचं नावही लिहिलं नाही. मग हळू जायची खूण करायला हिरवी झेंडी घेऊन दिवसभर पुलाच्या तोंडाशी उभे राहिले आणि प्रत्येक गाडी पायी चालल्यासारखी पार केली. कारखान्याच्या दोन मालगाड्या खोळंबल्या. साहेब जीपनं आले. बाबा तिथं होते, त्यांनी नंतर सांगितलं. साहेब म्हणाले, "मेश्राम, तुम्हारे लोग तो ये सब मानते ही नहीं! तुम्हें हरेली से क्या?"

मामाजी म्हणाले, "मैं नहीं मानता, साहब. पर गैंती मेरे हाथ में नहीं है."

पुढचा ब्लॉक मिळाला तोवर दसरा उलटून गेला होता आणि नागपूरहून नवा इन्स्पेक्टर येऊन रुजू झाला होता. तरुण होता, इंग्रजी बोलत असे. पुलाचं काम बिसाहूच्या गँगनं चार तासांऐवजी तीन तासांत केलं. साहेबांनी इन्स्पेक्टरची पाठ थोपटली. मामाजी त्या वेळी पुलाखाली उतरून बोल्ट तपासत होते.

मामीजी काही दिवस फार कमी बोलल्या. टोमणेसुद्धा मारेनात, आणि त्याचं आम्हाला जास्त वाईट वाटे. मग एका रविवारी बिसाहू नातवाला दाखवायला घेऊन आला. कार्तिकातलं ते बाळ. सून बरोबर होती, बायको होती. इतकी वर्षं बिसाहू आमच्या ओळीत येई, ओट्यावर बसे, पण पाणी आपल्या तुंब्यातलं पिई. आम्ही कोण हे त्याला माहीत होतं आणि तो तुंबा का आणतो हे आम्हालाही माहीत होतं. कुणी त्यावर बोलत नसे. त्या दिवशी बसल्यावर तो म्हणाला, "भउजी, थोरकन पानी दे."

मामीजी आत गेल्या आणि घरातला एकुलता एक पितळी पेला चिंचेनं घासायला बसल्या. खूप वेळ घासत होत्या. मामाजी ओट्यावरून म्हणाले, "अवो, मानूस तहानेनं मरून राहिला न!"

"मरू द्या," आतून आवाज आला, "एवढी वर्षं नाही मेला त अजून दोन मिनिटं नाही मरत."

बिसाहू मोठ्यानं हसला. पेला आला, तो प्याला, सून प्याली, बायकोनं थोडं थांबून पेला हातात घेतला आणि तीही प्याली.

ते सरकारी वर्ष संपता संपता मामाजींची बदली झाली. रायपूरच्याही पलीकडे, बिलासपूरच्या वाटेवर. नव्या इन्स्पेक्टरला त्यांच्यासमोर हुकूम द्यायला संकोच वाटतो, असं कुणी म्हणत. पुलाची नोंद भोवली, असं बाबा म्हणत. खरं काय ते मला कळलं नाही. मी तेव्हा परीक्षेच्या अभ्यासात होते, मार्चच होता. स्टेशनवर पोहोचवायला गेले नाही, कारण मामाजींनीच निरोप पाठवला होता, पोरीले उठवू नका. या गोष्टीची रुखरुख मला अजून आहे. गेले असते तर काय बोलले असते, तेही मला सुचत नाही.

आता ओळीत प्रत्येक दोन घरांमागे एक नळ आला आहे. कारखान्याच्या चिमण्या पेटल्या आहेत आणि त्या पुलावरून गाड्या पूर्ण वेगानं जातात. माझे बाबा त्या पुलावर पाय दाबून पाहतात.

गेल्या हिवाळ्यात शिक्षिकेच्या जागेच्या मुलाखतीसाठी मी बिलासपूरला निघाले होते. एकटीच. रायपूर मागे टाकल्यावर एका ठिकाणी गाडी अगदी हळू झाली. रुळाचं काम चाललं होतं. गँगची माणसं अवजारं घेऊन बाजूला उभी होती आणि त्यांच्या पुढं, गाडीच्या चाकांशी डोळे नेऊन, उकिडवे बसलेले मामाजी. केस बरेच पांढरे झालेले. चाक सांध्यावर आलं की स्लीपर किती दबतो ते पाहत होते. मी खिडकीच्या गजाला तोंड लावून ओरडले, "मामाजी! मामाजी!"

त्यांना ऐकू गेलं नाही. बाजूच्या एका माणसानं माझ्याकडे पाहिलं आणि वाकून त्यांच्या खांद्याला हात लावला. तोवर गाडी वेग घेऊ लागली होती. मी जमेल तेवढी मान बाहेर काढून मागे पाहिलं. मामाजी उठून उभे राहिले होते, कपाळावर हात धरून, आणि माझ्या मागच्या डब्यांच्या खिडक्या एक एक करून पाहत होते.